भांड्यात काही बिघाड नाही

—नाही ताई, तिसऱ्यांदा विचारलंत तरी माझं उत्तर तेच. हा स्लो कुकर ठणठणीत आहे. दोष असलाच तर तुमच्या राजम्यात, नाहीतर—रागावू नका—तुमच्यात. भिजवला होता किती वेळ? तासभर? तासाभरात राजमा नुसता ओला होतो हो, भिजत नाही. रात्रभर ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग आधी गॅसवर दहा मिनिटं चांगला खळखळून उकळायचा—हे चुकवू नका, नाहीतर पोट धरून बसाल—आणि मग ह्यात, झाकण घालून, दिवसभर. सारखं उघडून बघायचं नाही. तुम्ही बघता, हो ना? आणि टोमॅटो आधीच घातलेत. बघा, हसलात. आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो, आमच्या बाबांसारखा.

मला कसं कळलं? मी शिजवला ना. तपासायला नको? एकदा—बरं, चारदा. आणि ते 'पार्ट यायचाय' म्हणालो होतो ते... कसला पार्ट आणि कसलं काय. असं बघू नका, सांगतो.

बाबा वरच राहतात, दुकानाच्या डोक्यावर. दुकान त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी पाय मोडून ते दवाखान्यात होते, तेव्हा मी जागा मोकळी केली—त्यांचं पंख्या-मिक्सरच्या मोटारींना तार गुंडाळायचं मशीन भंगारात दिलं. आता कोण मोटार गुंडाळून घेतं, तुम्हीच सांगा? पण विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ते घरी आले, कोपरा बघितला, वर गेले—आणि त्या दिवसापासून माझ्याशी अवाक्षर नाही. जेवणाचा डबा वर जातो, रिकामा खाली येतो.

मागच्या सोमवारी तुमचं हे भांडं इथेच टेबलावर लावलं. चारच्या सुमाराला मागे काठी वाजली. वळून बघतो तर बाबा. स्टूल ओढलं नि बसले. मी वाटीत राजमा दिला. दात नाहीत त्यांना, जिभेनेच दाबून खाल्ला. म्हणाले, "मीठ कमी आहे."

दोन वर्षांनी, ताई. मीठ कमी आहे.

मग मंगळवारी लावला, बुधवारी, गुरुवारी. रोज चारला खाली. काल म्हणाले, "त्या मिक्सरचा आवाज ऐकलास? आतलं बुश झिजलंय, गेलंय." गेलंच होतं. म्हणून तुमचं भांडं अडकवून ठेवलं, दुसरं काही नाही. चुकलंच माझं. आज सकाळी घासून पुसून ठेवलंय, हे घ्या, वायर आत गुंडाळलीय. नको, ठेवून जाऊ नका, उगाच माझ्यावर दया—

थांबा जरा.

जिन्यावर आहेत. चार वाजले का? पण आज काहीच शिजत नाहीये, वास नाही, काही नाही. रिकामं टेबल आहे नुसतं. तरी उतरतायत.

ताई, तुम्ही निघा आता. आणि जाताना ते स्टूल जरा इकडे सरकवा.