गिरजाबाईचा अंगठा

(महापे, १९८४. जयमालाचं माहेर. दारात सासू, दिवाळे गावची मासेवाली गिरजाबाई.)

जयमाला : बसा तरी, आत्या.

गिरजाबाई : नको. बसली का आंबट वर येतं.

जयमाला : ते उभं राहूनही येतं. शेजारच्या मीनाच्या हळदीत लग्नाचा धवला गाताना आलंच होतं.

गिरजाबाई : याद नको देऊ. देवाचं नाव घ्यायच्या जागी ढेकर! नवरीसुदा हसली.

जयमाला : मला हसू नाही येत. दूध पिऊन बाळ ओकतो, म्हणून तुमी मला इथं पाठवलंत. सुनेचं दूध नासकं, असं अख्ख्या बाजारात सांगितलंत.

गिरजाबाई : सांगितला. बोंबील खपायच्या आदी तेच खपला.

जयमाला : मग आता काय राहिलं?

गिरजाबाई : बालाला बघनाऱ्या डाक्टरीनबाईनं काल मना बोलवली. माझ्या पोरासंगं, देवजीसंगं गेली. तिनं माझा अंगठा मागं वाकवला. टेकला मनगटाला.

जयमाला : तो तर तुमचा जत्रेतला खेळ.

गिरजाबाई : चालीस वरसं पोरांना हसवलंय त्यानं. बाई नाय हसली. म्हनली, हा आजार हाय, हजारांत एखाद्या घरात. रक्तातून उतरतो. सांधे सैल, कातडी सैल, पोटाचं तोंड बी सैल. म्हनून आंबट वर येतं. माझं बी, बालाचं बी.

जयमाला : म्हणजे देवजींचा खांदा निखळतो, तोही...

गिरजाबाई : माझाच आहेर. तुझं दूध चांगलं हाय. थोरं थोरं पाज, मंग उभा धर, म्हनली.

जयमाला : महिनाभर डब्याचं पाजायला लावलंत. छाती भरून यायची माझी. हे आता बाजाराला कोण सांगणार?

गिरजाबाई : सांगून आली. सकालीच, टोपली उपडी करून, तिच्यावं उभी र्‍हाऊन, धवल्याच्या चालीवं :
सुनेच्या दुधाला बोल गो लाविला,
आंगठा माझाच वाकडा निंगाला.

जयमाला : अगं बाई! बाया काय म्हणाल्या?

गिरजाबाई : पुढचं कडवं मागितलं. मना ढेकर आला. त्यांना वाटलं, तेच कडवं.

जयमाला : (पदर तोंडाला लावून हसते.)

गिरजाबाई : हसलीस ना? हास. पन सांग, दूध आटलं का गो?

जयमाला : नाही. चोरून पाजते, रोज एकदा. तुमाला कळलं तर, याचीच धास्ती होती.

गिरजाबाई : बरं केलंस. माझं नाय ऐकलंस ते.

जयमाला : आत या. उठलाय तो. पाजते, मग तुमी उभा धरा.

गिरजाबाई : माझे हात सैल हायेत, पोरी.

जयमाला : त्याचेही तसेच आहेत. जमेल तुमचं.