समुद्रावरचे कपडे

तेच तर सांगून राहिले मी, ग्यानबामामा — शिवू नका. शिवून झाले असतील तर देऊ नका. एवढंच. माझी धाकटी जाऊ, नर्मदा, उद्या येईल कपडे न्यायला, तिला म्हना मशीन बिघडलं, म्हना डोळे आले, काय बी म्हना. तुमचं काय जातंय? असं काय पाहता? मी काही येडी झाले न्हाई. मुंजा आन् जनकी माझीच लेकरं हायेत ना, मंग त्यांच्या अंगावर काय घालायचं ते मी सांगू नये तर कोनी सांगावं — काकूनं? व्हय, कापड तिनं दिलंय, मला ठाऊक हाय. चार गावांत दुसरं कोनी कापड पाह्यलं न्हाई असं मिरवत आली व्हती इथं. शिलाई बी देईल, ती मागं सरायची न्हाई. तिला कशाची कमी हाय? एका गोष्टीची हाय, अन् ती कापडाच्या दुकानात भेटत न्हाई.

बोलू नये असं, माहीत हाय. पन तुमी आमच्या माहेरच्या गावचे, तुमच्यापाशी न्हाई बोलायचं तर काय त्या नाल्यापाशी जाऊन बोलू? किशन भाऊजी औरंगाबादला ओव्हरशेर झाले, धाकटी जाऊ माझी शेरवाली झाली, त्याचं मला काहीच न्हाई. चांगलं झालं. भाऊजी शिकत व्हते तवा मी दुष्काळाच्या कामावर खडी फोडत व्हते, मुंजा पोटात व्हता, सुकडी खाऊन दिस काढले — मी कधी काढलं का तोंडातून? तर ह्या उन्हाळ्यात त्यांनी काय ठरवलं, की आलिबागला जायचं. समुद्रावर. तिथं त्यांच्या हापिसाचा बंगला हाय म्हनं, आठ दिसांसाठी भेटला. परभनीहून रेलगाडी, मुंबईहून बोट. जा ना बापहो, तुमी दोघं जा, हवा खा. तर न्हाई — मुंजाला अन् जनकीला बी नेतो. काहून? तर लेकरांना समुद्र दाखवायचा. अन् मला? मला कोनी म्हनलं का, वहिनी, तुमी चला? म्हनलं असतं तरी मी गेले नसते, बैलं कोन पाहीन, पन म्हनायला काय तोंड झिजतं?

अन् ती यादी! तुमाला यादीचं न्हाई सांगितलं. तिनं कागदावर यादी लिहून दिली — दोन टावेल, रबरी चपला, टोपी, उलटीची गोळी, अमुक ढमुक. मला तर वाचता येत न्हाई. मुंजा वाचतो. रोज सकाळी, शाळेत परार्थना म्हनतात तसा हात जोडून उभा राहून वाचतो, अन् जनकी मागून म्हनते, टावेल, टोपी. पाच वर्साची पोरगी, तिला टोपी ठाऊक, टावेल ठाऊक, पन सकाळी उठून आईला शेन भरू लागावं हे ठाऊक न्हाई. ऐकून ऐकून माझं टाळकं सटकलं. एक दिस यादी घेतली अन् चुलीत घातली. घातली तर घातली. पोरांना म्हनलं शेळीनं खाल्ली. मुंजा काही रडला न्हाई बरं का. उभा राह्यला अन् तोंडपाठ म्हनून दाखवली सारी, एक बी सामान न चुकता. शेळीकडं पाहत व्हता म्हनताना. मला तर असं झालं...

तसं पानी काय त्यांनी पाह्यलं न्हाई का? मी सिद्धेश्वरचं धरन दाखवलं त्यांना, संक्रांतीला, कडेवर पोरगी घेऊन एवढं चालत गेले. भरलं व्हतं धरन, वारं सुटलं व्हतं, लाटा बी व्हत्या. म्हनलं, हा पाहा समुद्र. दोघं लई खूश. अन् पाडव्याला नर्मदा आली, तर जनकी तिला सांगती, काकू, आमी समुद्र पाह्यला. नर्मदा हासली. वाईट न्हाई हासली, तसं तिला वाईट हासता येतच न्हाई, तीच तर तकलीफ हाय. मांडीवर घेतलं पोरीला अन् म्हनली, अगं, समुद्राला दुसरा काठ नसतो. बस. तवापासून मी खोटी पडले. आता मी सांगितलं ना, की बोरीखाली झोपू नका किडा चावतो, तर पोरगी माझ्या तोंडाकडं पाहती, खरं का खोटं म्हनून. वेनी माझ्या हाताची नको, काकूसारखी दोन फितींची पायजे. भाकरी मोडून दूध टाकलं तर म्हनती काकू गोल पोळी करती. अगं मंग ऱ्हा काकूपाशी!

न्हाई, तसं न्हाई म्हनलं. तिला न्हाई म्हनलं मी असं. मनात म्हनलं.

लोकांना काय, लोक म्हनतात, जाऊ दे की सोजरा, तिला मूलबाळ न्हाई, आठ वर्सं झाली, चार दिस तिच्या बी मनाला बरं वाटंल. माझी सासू म्हनती, आमचे हे म्हनतात. बरं वाटंल! तिला न्हाई म्हनून मी माझे वाटायचे का, शेजारनीला ताक द्यावं तसे? पाप बोलले का मी? बोलले असंन. दिवाळीत ती आली व्हती ना, तवाची गोष्ट. कोनालाच सांगितली न्हाई. मुंजाच्या पायात बाभळीचा काटा गेला, लई खोल, अन् पोरगं लंगडत, बोंबलत आलं अंगनातून. मी चुलीपाशी. हात पिठाचे व्हते, तशीच उठले, म्हनलं ये रे माझ्या राजा. मामा, तो माझ्यापुढून गेला. मला पाहून गेला. आतल्या खोलीत ती व्हती, तिच्याकडं गेला काटा दाखवायला. तिनं सुईनं काढला, फुंकर घालत, लई नाजूक काढला, मला तसा काढता येत न्हाई, मी रक्त काढते. मी तिथंच, पिठाच्या हातानं. भाकर जळली तव्यावर तरी मला कळलं न्हाई.

म्हनून म्हनते, देऊ नका कपडे. तिचा सोभाव मला ठाऊक हाय. ठिगळाच्या चड्डीतलं लेकरू ती सायबलोकांच्या बंगल्यात नेनार न्हाई, लाज वाटंल तिला. अन् बंगला आठ दिसांचाच भेटलाय, परवा निघावंच लागतं. दोघं जातील, येतील. पुढच्या साली समुद्र कुठं पळून चालला न्हाई. तवर पोरं मोठी होतील, माझी होतील... काय? झाले शिवून? कधी? दाखवा. दाखवा तर, मी काय फाडून टाकते का.

अगं बाई. हा जनकीचा झगा? ही निळी फुलं तिला दिसतील... बरी दिसतील. गळ्याला फीत लावलीत ती नर्मदानं सांगितली असंन. ह्या मुंजाच्या चड्ड्या, दोन. बराबर. अन् हे काय खाली? हे न्हाई शिवलं अजून, खडूच्या रेघाच हायेत. पांढरं कापड, हे एवढं? अन् हे निळं, जाडं. हे दुसऱ्या कोनाचं असंन, चुकून आलं आमच्या गाठोड्यात. न्हाई? मुंजाचं? समुद्रावर पांढरे सदरे कशाला, मामा, अन् ते बी तीन? रेतीत खेळायला? हे तर शाळेचं दिसतंय. पन इथल्या शाळेत खाकी चड्डी हाय. मामा, इथं खाकी हाय, निळी कुठं हाय?



औरंगाबादला हाय. व्हय का.

अन् मुंजाचं माप कोनी दिलं तुमाला? तिनं तर नुसतं कापड आनलं व्हतं, पोरगं माझ्यापाशी व्हतं तवा. मागल्या बाजाराला? आमच्या ह्यांनी आनला व्हता त्याला इथं? मला म्हनले बैलाला नाल मारायला नेतो, पोरगं संगं येतंय तर येऊ दे. म्हंजे त्यांना माहीत हाय. सासूला माहीत असंन. तुमाला बी. आलिबाग दाखवायचं अन् तिथून मुंजाला तसंच त्यांच्या घरी न्यायचं, जूनमधी शाळेत घालायचं. अन् जनकी तेवढी परत देनार — पोरीचं काय, पोरगी ऱ्हाईल आईपाशी. अन् मला कधी सांगनार व्हते? कागद पाठवून? वाचनार कोन तो, वाचनारा तर तिकडं.

म्हनाल, पोराचं भलं हाय. हाय. मला काय कळत न्हाई? इथं एक मास्तर, चार वर्ग, अन् त्यो बी पेरनीच्या दिसांत येत न्हाई. मुंजा एकदा वाचलं की तोंडपाठ म्हनतो, तुमाला सांगितलंच. मी आडवी पडले तर उद्या तोच म्हनंल, आईनं शिकू दिलं न्हाई. त्याला... मामा, त्याला माहीत व्हतं का? माप देताना? हे शाळेचं हाय, काकूकडं ऱ्हायचं हाय, हे सांगितलं व्हतं का त्याला? काय म्हनला?

हासला.

बरं. बरं, मामा. पानी नको मला.

हे समुद्रावरचे द्या बांधून, मीच नेते. मीच घालीन दोघांना, मीच बसवून देईन गाडीत. अन् ह्या शाळेच्या कापडाला किती वाढतं माप धरलंय? दोन साल पुरंल एवढं? नर्मदा म्हनली, दोन साल? पुसा त्या रेघा. पुसा, माझ्यादेखत. मुंजा आज जेवढा हाय तेवढंच कापा. खाली दुमड नको, कंबरेला चुन्या नको, बोटभर कापड जास्त ठेवू नका. दिवाळीच्या आत मांडीवर चढलं पायजे, बाह्या कोपराला आल्या पायजेत, श्वास घेतला की बटन तुटलं पायजे. तिनं विचारलं तर म्हना कापड कमी भरलं. पाहू द्या तिला बी एकदा, लेकरू कसं वाढतं ते.

काय पाहता माझ्याकडं? बस लागली माझी. कापा.