रेकॉर्डवरची हाक

(चिखला, १९८६. खाणीच्या वसाहतीत देवाजीचं घर. ओसरीवर देवाजी, वसाहतीतल्या जुन्या बँडचा गिटारवाला तुलाराम नुकताच आला आहे.)

तुलाराम : तुले नाई सांगत, वयनीलेच बलाव. खबर तिच्या कामाची आहे. साकोलीच्या मंडईच्या जत्रेतला आपला रॉकचा प्रोग्राम, थे बारा वर्साआधीची रेकॉर्ड कंपनी पुन्हा काढून राहिली.

देवाजी : बस आधी.

तुलाराम : कव्हरवर मोठ्या अक्षरात आपल्या बँडचं नाव, 'मँगनीज बॉईज'. बॉईज आता कोनी उरला नाई, ड्रमवाल्याचे दात गेले, पन नाव थेच. वयनी, चाय मांडा.

देवाजी : शकुन गेली, तुलाराम.

तुलाराम : कोठी? माहेरी?

देवाजी : पंधरा दिवस झाले. कावीळ होती. भंडाऱ्याले नेलं, पन नाई वाचली.

तुलाराम : आमी तिकडं रायपूरले गाने वाजवत फिरून राहिलो. मले कोनी सांगतलं नाई, भाऊ. अन् मी इथं चाय मांगून राहिलो.

देवाजी : मांगतली तं मांगतली. पंधरा दिवसांत या ओसरीवर कोनी मोठ्यानं बोललं नोव्हतं. काय खबर होती तिची?

तुलाराम : राहू दे आता.

देवाजी : सांग.

तुलाराम : कंपनीनं पत्रात विचारलं, गान्यायच्या मधातलं लोकायचं बोलनं ठेवाचं का काटाचं. रेकॉर्ड पुन्हा निघाली तं वयनीचं माईकवरचं बोलनं काटीन, असं मी वचन देल्लं होतं तिले.

देवाजी : ठेव म्हनून लिही.

तुलाराम : तिनं शपथ घातली होती, भाऊ. चूक माहीच होती. मंडईच्या गर्दीत तू दिसेना म्हनून बिचारी स्टेजवर आली, अन् नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना. मीच म्हनलो, नाव घेतल्याबगर तो येनार नाई बाई. तवा घेतलं. तीनडाव घेतलं. सारी पब्लिक हासली, अन् थे रेकॉर्डात गेलं.

देवाजी : नळावर बाया वर्सभर तिले माह्या नावानं चिडवत. "देवाजी, घागर भरली का?" म्हनत तिले. तिनं रेकॉर्ड घरात येऊ नाई देल्ली.

तुलाराम : मंग ठेव कायले म्हनतं?

देवाजी : लग्नात उखान्यात घेतलं होतं नाव, पन थे बायायनं पढवलेलं. मंग सारा जनम "अवो, ऐकलं का". आपल्या मनानं तेवढंच घेतलं तिनं. मले थे ऐकाचं आहे.

तुलाराम : माह्याजवळची जुनी घासून गेली, नुसती खरखर येते. मूळ टेप कंपनीजवळ. काटलं तं गेलंच. ठेवू मंग? वयनी आता कोठी ऐकाले येते.

देवाजी : तीनडाव काहून घ्या लागलं तिले?

तुलाराम : तू दूर असशीन गर्दीत.

देवाजी : तुह्या स्टेजच्या मागं होतो. पहिल्याच हाकेले ऐकलं.

तुलाराम : अन् आला नाई?

देवाजी : अजून एकडाव घेन, म्हनून उभा राह्यलो. दुसऱ्यांदा घेतलं, तरी उभाच. तिसऱ्या वक्ती आवाज रडवेला झाला, तवा गेलो.

तुलाराम : तिले मालूम होतं?

देवाजी : नाई. शकुनच म्हने, तुमाले गलबल्यात ऐकू नाई आलं. मी हो म्हनलं.

तुलाराम : भाऊ, मले आज पत्र टाका लागते. काय लिहू?

देवाजी : काट म्हनून लिही. तिनं सांगतलं तसं कर.

तुलाराम : पक्कं?

देवाजी : पक्कं. तेरवी झाली. लुगडे तिच्या बहिनीले देल्ले. रेशनकार्डावरून नाव बी काढलं. पहिल्याच हाकेले ऐकलं होतं, हे तिले सांगाचं तेवढं राह्यलं.