उगवतीचा बांध

महादेव : 'मावशी' काय, 'दादा' काय! ह्या नव्या मुकादमानं असं बोलायचं असतं? माज्या एका हाळीला अख्खं मिठागर उभं राहायचं.

शुक्री : राहायचं खरं. भ्यायचो आमी.

(पनवेलच्या खाडीकाठचं मिठागर, अमावास्येची सकाळ. गेल्या महिन्यापर्यंत मुकादम असलेला महादेव बांधावर बसून आहे. कामकरीण शुक्री चिखलाची रिकामी टोपली घेऊन समोर उभी.)

महादेव : भ्यायलाच पायजे! इंग्रज गेला त्या सालापासून अकरा वर्सं हे आगर मी राखलं. आनि शेटनं मुकादमकी दिली कोनाला? करंजाड्याच्या जगनला! चार बुकं शिकला म्हनून. आयत्या बिळावर नागोबा!

शुक्री : पोटात दुकतं तुमच्या.

महादेव : दुकतं! झोप लागत नाय. दुपारी तुमी समद्या त्याच्याभवती बसून भाकर खाताव, हसताव. माज्यासंगं कोन हसलं कदी? पन आज अवसेचं उधान हाय. दुपारी पानी चढलं का त्याचं हसू जिरंल.

शुक्री : उगवतीच्या बांधाचं बोलताव?

महादेव : तुला काय ठावं?

शुक्री : चिंबोऱ्यांनी पोखरलाय. सा भोकं पडली.

महादेव : सा? मना चारच दिसली परवा.

शुक्री : परवा दिसली नि बोललात नाय?

महादेव : का बोलू? फुटू दे. जाऊ दे मीठ वाहून. शेटला कळू दे, गोड बोलून आगर पिकत नाय.

शुक्री : फुटायचा नाय. पहाटेच भोकं बुजवली आमी. जगननं समद्यांना बसवून इचारलं, कोनाला काय दिसलंय का? मी सांगितलं.

महादेव : त्याला सांगितलंस! दोन वर्सांमागं हाच बांध फुटला, तवा मना का नाय सांगितलंस?

शुक्री : आलेली सांगाया. तोंड उघडायच्या आदीच वरडलात, कामाला लाग. मग बांध फुटला, नि तुमी माज्या पोरावर, काळूवर, आळ घालून त्याला कामावरनं काढलात. आजून वीटभट्टीवर राबतो तो.

महादेव : ...आता कशाला आलीस? मना हिनवायला?

शुक्री : जगननं धाडलंय. बोलला, बांधातलं महादेवकाकांना कळतं तेवढं कोनाला नाय. पानी चढायच्या आदी त्यांना बघाया बोलव.

महादेव : असं बोलला? समद्यांसमोर?

शुक्री : समद्यांसमोर.

महादेव : मेला! बोलतो पन कसा. अशानंच जळतो मी त्याच्यावर.

शुक्री : येताव का? खाडी भरतेय.

महादेव : चल. ...शुक्री, तुमी चिखल कोंबलाय, तो उधानात टिकंल? तुला काय वाटतं?

शुक्री : मना इचारताव?

महादेव : तुलाच.

शुक्री : चिखल टिकंल. पन काळूची चूक नव्हती, तेवढं तिथं बोला. समद्यांसमोर.