अर्थिंग लागत नाही म्हणे!

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, पान उलटा!" मला! छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी, वेलांटीची चूक लांबून वासानं ओळखतो, आणि हा वीज कंपनीचा तपासणीवाला साहेब माझ्याच गच्चीवर उभा राहून मला पान उलटायला सांगतो!

तुम्हाला सांगतो, झालं होतं एवढंच. गच्चीवर सोलरची सहा पॅनेलं बसवली. प्रत्येकाच्या पोटाखाली एकेक चिमुकला इन्व्हर्टर, मायक्रो म्हणतात त्याला, वीज तिथल्या तिथे तयार आणि थेट घरात! फिटर म्हणाला, "काका, याला अर्थिंग लागतच नाही. रॉड नको, खड्डा नको, डोक्याला ताप नको!" मी पुस्तिका उघडली. पान अकरा, शेवटची ओळ : 'इन्व्हर्टरला स्वतंत्र अर्थिंगची गरज नाही.' छापील अक्षर आहे हो, चेष्टा आहे का?

दुसऱ्या दिवशी साहेब आला. वाकला, पॅनेलखाली बघितलं, उठला. "अर्थिंग कुठाय?"

"लागत नाही," मी.

"इन्व्हर्टरला नाही लागत. पॅनेलच्या चौकटींना आणि खालच्या रुळांना लागतं. सगळं धातूचं आहे. एखादी तार घासली तर?"

मी छाती काढून म्हटलं, "कुठे लिहिलंय? दाखवा!"

"पुढच्याच पानावर. काका, पान उलटा."

आता सांगा, उलटायचं? त्याच्या सांगण्यावरून? सौ. जिन्यातून, "अहो, एक पान तर आहे, उलटा ना!" नाही उलटलं! पुस्तिका मिटली, काखेत मारली! साहेब शांतपणे म्हणाला, "मग मंजुरी नाही. आणि तोवर चालू करू नका."

चालू करू नका? माझं छप्पर, माझं ऊन, माझं बटण! चालू करू नका असं कुठे लिहिलंय? दाखवा! तो जिना उतरला आणि मी बटण दाबलं. तीन दिवस चाललं की! मी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊन दाखवत होतो...

चौथ्या दिवशी सौ. ओली चादर घेऊन वर गेली. दोरी भरलेली, म्हणून चादर टाकली पॅनेलच्या रुळावर. आणि तुम्हाला सांगतो, ती किंकाळी... मी जिना कसा चढलो मला आठवत नाही. ती भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक, हात झटकतेय. पायात रबरी चपला होत्या म्हणून वाचली. नसत्या तर? ...नको, तो विचार नको.

बटण बंद केलं आणि तिथेच जिन्यात बसून पान उलटलं. पान बारा, पहिली ओळ, ठळक अक्षरात : 'मात्र पॅनेलच्या चौकटी व रूळ यांचे अर्थिंग बंधनकारक.' मात्र! अहो, छत्तीस वर्षं लोकांचे 'मात्र' शोधले मी, आणि घरचा...

फिटरला बोलावलं. रुळाच्या पट्टीखाली तार चेपून सोललेली निघाली. तरी गडी हसतोय! "काका, चिकटपट्टी लावतो, झालं! अर्थिंग कशाला? कुठे लिहिलंय? दाखवा!"

हे मला! मी पुस्तिका त्याच्या नाकाला टेकवली. "पान बारा! वाच! मोठ्यानं वाच!" वाचलं त्यानं, 'बंधनकारक'वर अडखळला, मी पुन्हा वाचायला लावलं. मग तार नवी टाकून घेतली, चौकटीला चौकट, रुळाला रूळ जोडून घेतला, जाड हिरवी तार भिंतीवरून थेट खाली, अंगणात खड्डा, खड्ड्यात रॉड. तो गेला नाही तोवर मी जेवलो नाही, त्यालाही जेवू दिलं नाही!

साहेब पुन्हा आला. मीटर लावून पाहिलं, म्हणाला, "आता तार घासली, तर वीज जमिनीत जाईल आणि स्विच आपोआप पडेल." सही केली. मला टोमणासुद्धा मारला नाही हो! मारला असता तर उत्तर तयार होतं माझं...

तो गेल्यावर सौ.ने धुण्याची बादली माझ्यासमोर आणून ठेवली. "सगळ्यांशी भांडून झालं? आता गच्चीवर मी पाऊल टाकणार नाही. यापुढे कपडे तुम्ही वाळत घालायचे."

तुम्हाला म्हणून सांगतो, आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नाही मी... चिमटे कुठल्या डब्यात असतात, तेवढं विचारलं.