खिंडीतला बिनओव्हरचा आवाज

ऐका. हुरडा खात खात ऐका, पर मागं वळून बघू नका. तिकडं कोन न्हाई. आजून तरी न्हाई.

आपल्या गावात रंगाआबा लोहोकरे व्हते. पलटणीत वायरलेसचं काम केलेले. पेन्शनीत आले तरी याड सुटलं न्हाई. कुठं जुना, मेलेला सेट दिसला की घरी आनायचा, धूळ झाडायची, जळके व्हॉल्व बदलायचे, आन् दोन शेवग्यांमदी तार टांगून पार लंकेतल्या मानसाशी बोलायचं. सरकारी लायसन व्हतं बरं, चोरीचा मामला न्हाई.

आन् त्येंचा एक दंडक. आपलं बोलनं झालं की शेवटाला 'ओव्हर' म्हनायचं. म्हंजे माजं सपलं, आता तू बोल. म्होरच्यानं ओव्हर म्हनल्याबिगर आबा तोंड उघडायचे न्हाईत. सेटवर तर न्हाईच, घरातबी न्हाई. त्येंची बायकू यमुनाकाकी बिचारी चुलीम्होरनं म्हनायची, "च्या झालाय, ओव्हर." मग आबा हलायचे. गाव हसायचं. हसा, तुमीबी हसा.

तर एकदा तालुक्याच्या भंगारवाल्याकडं आबांना पायजे तसा सेट गावला. पंधरा वर्सं धुंडाळत व्हते. त्येच्या नादात शेवटची यष्टी चुकली. शहाण्यानं मुक्काम केला असता. आबांनी सेट पाठीला बांधला आन् कातळखिंडीची वाट धरली. आवस व्हती, पर गडी खुशीत. शीळ घालत निघालेला.

खिंडीत शिरले. वाट सरळ, तरी तोच वाकडा बुंधा पुन्ना आला. परत आला. तिसऱ्यांदा आला. आबांनी वळखलं, ह्यो चकवा. आता वाट सोडली की सपलं. डाव्या अंगाला शंभर हात खोल कडा.

आन् डावीकडनंच हाक आली. "रंगा, अरं हिकडं वाट हाय." भावकीतल्या कोंडिबाचा आवाज. आबा थांबले. सवयच ती, ओव्हर ऐकस्तवर थांबायची. त्यो म्हनंना. आबा उभेच.

परत हाक. आता काकीचा आवाज. "अवो, मी न्यायला आले. पाय मुरगाळला माजा. या की." काळीज हाललं बघा मानसाचं. पाऊल उचललंबी. पर कान वाट बघत व्हते. ओव्हर आलंच न्हाई. पाऊल तसंच अधांतरी ऱ्हायलं.

मग काय व्हावं? पाठीवरचा सेट बोलाया लागला. बॅटरी न्हाई, तार न्हाई, आन् आतनं काकी रडतीया. "मी मरतीया वो. कायतरी बोला." आबांच्या डोळ्याला धार लागली. लई जीव बायकूवर. तरी ओठ मिटलेले. दुसऱ्याचं सपल्याबिगर मधी बोलायचं न्हाई, म्हंजे न्हाई.

तेवढ्यात खालनं, गावाच्या अंगानं, कंदील हालला. "अवो! भाकरीचा दगूड झाला! कुठं उलथलाय? ओव्हर!"

त्या एका शब्दावर आबा असे पळाले! पाठीवर सेट तसाच, त्यो टाकला न्हाई हां. काकीम्होरं उभं ऱ्हाऊन म्हनले, "पोचलो. ओव्हर." आन् ती दगडाची भाकर अशी खाल्ली, की तसं गोड जेवान पुन्ना कधी मिळालं न्हाई, असं मरस्तवर सांगायचे.

सकाळी गावातले गडी खिंडीत जाऊन बघून आले. आबांना वाटलं व्हतं, आपुन वाटंवरच उभं हाय, पर पायाचा ठसा कड्याच्या पार काठाला. एकाच पायाचा. दुसरा ठेवाया तिथं जमीनच न्हवती.

म्हनून सांगतो, त्या वाटंनं जाऊ नका. तुमी म्हनाल, आमाला काय भ्या, खूण कळली की आता. आरं, काकी वरडली तवा खिंडीत आबा एकलेच ऐकत व्हते व्हय?

परवा म्हादबा धनगर खिंडीखालनं मेंढरं घिऊन येत व्हता. वरनं कोनतरी लई मायेनं बोललं.

"म्हादबा, या की हिकडं. ओव्हर."