हरिहररावांचा लाल, माझा पांढरा

—नाही हो मंदाकिनीबाई, लोकांनी काय सांगितलं ते ठाऊक आहे मला, पण तुमच्या भावाचा नि माझा संबंध एवढाच, की मध्ये कुंपण आणि दोन्हीकडे ग्लॅडिओलस. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर कंद वाळत घातलेत. सुरुवात म्हणता? मी शाळेत भूगोल शिकवते, आणि तरी विलायती पुस्तकात ‘उन्हाळ्यात लावावा’ वाचून इथे डोंबिवलीत चैत्रात कंद लावले — पुस्तकातला उन्हाळा तिकडचा, सौम्य — सगळे उकडलेल्या बटाट्यासारखे झाले. हरिहरराव पलीकडून म्हणाले, “बाई, आता मीठ लावून खा.” विधवेशी असं कोणी बोलतं? सगळे हळू बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तसे. मला इतकं हसू आलं—

असो. पुढे आम्ही आश्विनात लावू लागलो. त्यांचा लाल, उंच दांड्याचा. माझा पांढरा, झालरीच्या पाकळ्यांचा. म्हटलं, संकर करू. उमलायच्या आत माझ्या फुलातले पुंकेसर मी काढले, त्यांनी लालचा पराग कुंचल्याने आणून लावला, वर मलमलीची पिशवी बांधली — दिवसाउजेडी हं, सबंध आळीसमोर. बी धरलं, रुजलं, पण अशा रोपाला फूल यायला वर्षं लागतात. तेवढ्यासाठी ते रोज यायचे. नुसत्या पात्यांत रोज काय बघायचं असतं? काही नाही. मीही चहा टाकायचेच.

तिसऱ्या वर्षी फुललं — अबोलीच्या रंगाचं, गळ्यात लाल थेंब. ठाण्याच्या प्रदर्शनात नेलं. परीक्षकांनी नव्या जातीचं नाव विचारलं. आमचं ठरलं होतं ‘अरुण’. आणि हे गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, “उत्तरा.” आता माझं नाव उत्तरा, हा काय त्यांचा दोष? पण त्यांना माहीत होतं ना. मी परतताना अख्ख्या वाटेत बोलले नाही, तर यांनी यायचंच बंद केलं. तेव्हा सांगा त्यांना, लोक बोलतात तसं काही नाही. आणि न बोलणं म्हणजे राग असतो असं कोणी सांगितलं, तेही विचारा — नको, ते विचारू नका.

काय म्हणालात? भांडायला नाही आलात? मग—

मागणी? माझ्यासाठी? या वयात... शाळेत काय सांगू मी, मुली हसतील. हसू देत म्हणा. आणि ते स्वतः कुठे आहेत? फाटकाशी? केव्हापासून उभे आहेत?

...

मंदाकिनीबाई, तुम्ही आता घरी जा. आणि जाताना फाटक लोटू नका.